बिनतेलाचं घर

काकूंच्या दुकानात आरसा नव्हता. आरशासमोर उभी राहिली की मुलं पोट आत ओढून धरतात आणि माप चुकतं, असं त्यांचं म्हणणं. दुकान म्हणजे तरी काय, त्या राहत त्याच इमारतीच्या जिन्याखालची जागा. दोन शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, निळ्या आणि करड्या कापडाचे तागे, आणि गळ्यात टेप अडकवलेल्या काकू. आसपासच्या शाळांचे युनिफॉर्म त्याच शिवत, म्हणून सगळे त्यांना युनिफॉर्मवाल्या काकू म्हणत. ओठांत टाचण्या धरून त्या इतकं स्वच्छ बोलायच्या, की पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक दचकायचं.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला शिंपी लोक माया म्हणतात. काकू मुलांच्या कपड्यांत ती भरपूर ठेवायच्या. तेरा-चौदा वर्षांचं पोर कधी ताडकन वर जाईल याचा भरवसा नसतो, मग उसवायचं आणि माया सोडायची. कोणाचे खांदे रुंदावले, कोण नुसतंच लांब होतंय, कोण घरचं जेवण टाळून वेफर्सवर दिवस काढतंय, हे त्यांना हाताला लागताच कळायचं आणि त्या ते आयांना तोंडावर सांगायच्याही. त्यांच्या फटकळपणाला लोक हसत, पण ऐकत.

त्यांचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. शिडशिडीत, काटक माणूस. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला जन्मभर जिनेच चढावे लागतात, हा त्यांचा ठरलेला विनोद होता आणि तो ऐकून घरात आता कोणी हसत नसे. असा माणूस एका कचेरीच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये काम करता करता थांबला, घामाघूम होऊन सगळे मजले पायी उतरला आणि खालच्या पायरीवर बसून वॉचमनला म्हणाला, जरा टेकतो. वॉचमनने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न न विचारता अॅम्ब्युलन्स बोलावली. त्या वॉचमनमुळे ते वाचले. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर घाईत होते, बाहेर बाकांवर माणसं खोळंबली होती. तळलेलं बंद, तेल-तूप सांभाळा, गोळ्या चुकवू नका, रोज चाला, एवढं सांगून ते उठले. दारात वळून त्यांनी विचारलं, यांचे वडीलही हार्टनेच गेले ना, तेही पन्नाशीच्या आत? काकूंनी मान हलवली. मग मुलीचंही रक्त एकदा तपासून घ्या, असं म्हणून ते पुढच्या खोलीत गेले.

मुलगी तिथेच होती, वडिलांच्या चपला ठेवलेली पिशवी पोटाशी धरून. सोळा वर्षांची, शाळेच्या व्हॉलीबॉल टीमची कॅप्टन, आणि घरीही तिला सगळे कॅप्टनच म्हणत. तिने ती दोन्ही वाक्यं ऐकली. काकूंनी रक्त तपासायचं मनावर घेतलं होतं, पण शाळा उघडायचे दिवस तोंडावर आले, दुकानात मुलांची रीघ लागली आणि आज जाऊ, उद्या जाऊ करत ते राहून गेलं. कॅप्टनने एकदाही आठवण केली नाही. काकूंना वाटलं, विसरली असेल.

ती विसरली नव्हती. बाबा घरी आले त्याच संध्याकाळी तिने तेलाची बाटली माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्यांची बरणी शेजाऱ्यांना देऊन आली. अंड्यातला पिवळा भाग काढून टाकायचा, मासे आणायचे नाहीत, डाळ नुसती उकडून मीठ घालायची, भाज्या वाफवायच्या, असा कारभार सुरू झाला. आईला दुकानातून उसंत नव्हती, त्यामुळे स्वयंपाकघर पोरीच्या हातात गेलं ते कोणाला खटकलंही नाही. उलट दोघांना कौतुक वाटलं. कॅप्टनचा हुकूम आहे बुवा, असं म्हणत बाबा ती कोरडी डाळ गिळायचे.

एक डबा मात्र जागेवरच राहिला. बिस्किटं आणि खारीचा. ती कोरडी असतात, धरली तर बोटांना तेल लागत नाही, म्हणजे त्यांत काही नसणार असा कॅप्टनचा हिशेब. बाबा चहाबरोबर तीच खायचे, आणि काकू तर मशीनवर बसल्या बसल्या दुपारचं जेवण म्हणून तीच बुडवायच्या.

हळूहळू घरातलं बोलणं कमी झालं. जेवताना कॅप्टन स्वतःच्या ताटाकडे कमी आणि बाबांच्या ताटाकडे जास्त बघायची. ते बाहेरून आले की त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहायची. आधी काकूंच्या लक्षात आलं नाही, मग एकदा आलं. ती त्यांच्या शर्टाला तळणाचा वास येतो का ते बघत होती. एकदा सोबतच्या कामगाराच्या मुलीचा वाढदिवस होता, तिथे बाबांनी केकचा तुकडा खाल्ल्याचं तिला कळलं. तिने आरडाओरडा केला नाही. नुसती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. नंतरचे दोन दिवस बाबा कोणाच्याही नजरेला नजर न देता वावरले. स्वतःच्या घरात चोरासारखं वाटतंय, असं ते काकूंना म्हणाले. काकूंनी हातातल्या कॉलरचा दोरा दातांनी तोडला आणि म्हणाल्या, काळजीने करतेय, करू द्या थोडे दिवस.

पोरीचं स्वतःचं काय चाललंय हे दिसत होतं आणि दिसत नव्हतं. ऐन उकाड्यात ती जॅकेट घालून बसायची. मोरीच्या जाळीत केसांचे पुंजके सापडायचे. ओठ फुटलेले, चेहरा ओढलेला, साध्या बोलण्यावर खेकसणं. काकू प्रत्येक गोष्टीला एक कारण शोधून मोकळ्या व्हायच्या. वयच तसं आहे. अभ्यास आहे. बापाच्या आजारपणाचा ताण आहे. नव्या युनिफॉर्मचं माप घ्यायला बोलावलं तेव्हा ती म्हणाली, मागच्या वर्षीचाच होतो मला. एवढी समजूतदार पोर, असं काकूंना वाटलं, आणि अख्ख्या वस्तीच्या पोरांच्या कमरेभोवती फिरलेली ती टेप स्वतःच्या मुलीच्या कमरेला तेवढी लागली नाही.

शाळेच्या कोचचा फोन आला तेव्हा दुकानात तीन आया आणि पाच मुलं उभी होती. कॅप्टन सर्व्हिस करायला चेंडू वर उडवून तशीच खाली बसली होती, आणि मग आडवी झाली होती. शुद्धीवर आहे, पण हात गार पडलेत, आम्ही हॉस्पिटलला निघालोय, तुम्ही तिकडेच या. काकू शटरही न ओढता धावल्या. हॉस्पिटलच्या दारात पोहोचल्यावर त्यांनी मूठ उघडली, तेव्हा ओठांतल्या टाचण्या हातात असल्याचं त्यांना कळलं. तळव्यात तीन ठिकाणी रक्त आलं होतं.

आत नर्सने कॅप्टनच्या बोटाला चिमटा लावला होता आणि मशीनवर आकडा लुकलुकत होता. नर्सने चिमटा काढला, दुसऱ्या बोटाला लावला, मग स्वतः मनगट धरून घड्याळाकडे बघत राहिली. मग भरभर चालत डॉक्टरांना बोलवायला गेली. ते भरभर चालणं काकूंना सगळ्यात वाईट वाटलं. छातीवर वायरी चिकटवल्या, कागदाची पट्टी बाहेर येऊ लागली. नाडी फार मंद होती, खेळाडू मुलीची एरवीही मंदच असते, त्याहूनही कितीतरी मंद. तेवढ्यात बाबा कामावरून आले. ते दारातच थांबले. वायरींकडे बघून त्यांचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला. दोघांच्याही मनात एकच आलं. सासरे, नवरा, आणि आता ही.

मुलांच्या डॉक्टर वयस्कर बाई होत्या, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी दोघांनाही बाहेर बसवलं आणि कॅप्टनशी बराच वेळ एकटीशी बोलल्या. मग काकूंना आत घेऊन विचारलं, हिची पाळी कधीपासून बंद आहे? काकूंना ठाऊकच नव्हतं. कॅप्टन भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिने तसंच सांगितलं, चार महिने झाले.

डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली. “हिच्या हृदयाला आजार नाही,” त्या म्हणाल्या. “ते उपाशी आहे. पुरेसं खाणंच मिळत नाही म्हटल्यावर शरीर काटकसर करायला लागतं. आधी पाळी थांबवतं, मग हातपाय गार ठेवतं, आणि मग हृदयाचे ठोकेही कमी करतं. अजून थोडं पुढे गेलं असतं तर मी इतक्या शांतपणे बोलत नसते.”

तिला ठेवून घेतलं. एकदम भरपूर खायला देऊन चालणार नव्हतं, तेही धोक्याचं असतं, म्हणून रोज रक्त तपासत बेताबेताने वाढवायचं ठरलं. काकूंना सुटल्यासारखं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी रक्ताचा पूर्ण रिपोर्ट आला आणि घरातल्या तिघांच्याही पायाखालची जमीन सरकली. कॅप्टनचं कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलंच.

रिपोर्ट तिनेच आधी वाचला, कारण नर्सने तो तिच्या खाटेवर ठेवला होता. काकू आत आल्या तेव्हा तो कागद तिच्या मांडीवर होता आणि ती अगदी सरळ बसली होती.

“मी थेंबभरसुद्धा तेल खाल्लं नाही,” ती म्हणाली. “इतके महिने. तरी आलंच. म्हणजे मी काहीही केलं तरी मला होणारच आहे ना आई?”

तिने रक्त तपासायचं टाळलं होतं ते विसराळूपणाने नव्हे, भीतीने, हे काकूंना तेव्हा उमगलं. पोर इतके महिने एकटीच हे डोक्यावर घेऊन फिरत होती. काकूंनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला तर ती अंग चोरून बसली. समोरचं ताट तिने बाजूला सरकवलं. त्यात डाळ होती, आणि डाळीवर तेलाचा एक पिवळा ठिपका तरंगत होता.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगायला अर्धी दुपार घातली. कोलेस्टेरॉल नुसतं ताटातून येत नाही, बरंचसं आपलं यकृतच तयार करतं. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाचं ते उलट वाढलेलंही दिसतं. त्यामुळे आजचा आकडा घराण्यातून आलाय की उपासमारीतून, हे आज सांगता येणार नाही. नीट खाऊन वजन पूर्ववत झालं, पाळी सुरू झाली, की पुन्हा तपासायचं. तेव्हाही जास्त आलं तर त्याला औषधं आहेत, लवकर कळलं तर उत्तमच. पण तोवर खायचं, आणि तेलासकट खायचं. कॅप्टनने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आणि तोवर ते वाढत गेलं तर? काही महिन्यांत काही बिघडत नाही, बाई म्हणाल्या, पण जेवली नाहीस तर काही आठवड्यांत बिघडेल.

पोरीचा विश्वास बसला नाही. दोन घास खायची आणि थांबायची. काकू खाटेशेजारी बसून त्या थांबण्याकडे बघत राहायच्या.

तिसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ आली. जेमतेम पंचविशीची मुलगी, सर्दीने नाक लाल झालेलं, दर वाक्यामागे रुमाल. तिने उपदेश केला नाही. घरी काय काय खाता, एवढंच विचारलं, आणि बिस्किटांचं ऐकल्यावर काकूंच्याच पर्समधला पुडा मागून घेतला. मग तो कॅप्टनच्या हातात देऊन म्हणाली, मागचं बारीक अक्षरातलं वाच. कॅप्टनने वाचलं. मैदा, साखर, आणि तिसरीच गोष्ट वनस्पती तूप. बोटांना लागत नाही, कारण ते घट्ट गोठवलेलं असतं, आहारतज्ज्ञ नाक पुसत म्हणाली. द्रव तेल कारखान्यात घट्ट करतात तेव्हा त्यात जी चरबी तयार होऊ शकते, तिला ट्रान्स फॅट म्हणतात. हृदयाला सगळ्यात वाईट तीच. खारीत, पफमध्ये, पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात ती असू शकते. तुम्ही बाटली माळ्यावर टाकलीत आणि डबा टेबलावर ठेवलात.

कॅप्टनने काकूंकडे पाहिलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रागाने का होईना, सरळ नजरेने बघत होती. “बाबा रोज खायचे हे. मीच द्यायचे चहाबरोबर.”

तुला कोणी सांगितलं नव्हतं, आहारतज्ज्ञ म्हणाली, आणि खुर्ची पुढे सरकवून तिने बाकीचं सांगितलं. चरबी म्हणजे एकच वस्तू नाही. शेंगदाणे, अक्रोड, जवस, मासे, साधं पातळ राहणारं तेल, यांतली चरबी रक्तवाहिन्यांच्या बाजूची. लोणी, साय, चरबीचं मांस हे बेतानं. वाढत्या वयात मेंदूला, हाडांना, पाळी आणणाऱ्या हार्मोन्सना चरबी लागतेच, आणि काही जीवनसत्त्वं तर तिच्याशिवाय अंगी लागत नाहीत. तू गाजर उकडून खात होतीस ना, त्यातलं निम्मंअधिक वायाच गेलं. कॅप्टनला गाजराचं फार वाईट वाटलं असावं. गाजर तिला मुळीच आवडत नसे.

एवढ्याने सगळं ठीक झालं असं नाही. घरी सोडलं तेव्हा समुपदेशकाकडे दर आठवड्याला जायचं ठरवून दिलं होतं, खेळ पूर्ण बंद, आणि जेवताना कोणीतरी सोबत बसायचंच असं बजावलं होतं. काकूंनी बाटली माळ्यावरून उतरवली. पहिल्या दुपारी त्यांनी भाजीला चमचाभर तेल घातलं, मासा भाजला, वाटीत थोडे शेंगदाणे ठेवले आणि दोघांना हाक मारली. दोघं येऊन बसले. कॅप्टन बाबांकडे बघत होती आणि बाबा ताटाकडे. कोणीच घास उचलेना.

काकूंना आधी वाटलं, पोरीसाठी थांबलेत. मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा नीट पाहिला. तो घाबरलेला होता.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “खा ना.”

“खातो,” ते म्हणाले, पण हात हलला नाही. मग ते मुलीशी बोलू लागले, तिच्याकडे न बघता. “कॅप्टन, मी ते कोरडं खाल्लं ते नुसतं तुझ्या हुकमामुळे नाही. मला बरंच वाटत होतं. जिना चढताना मी रोज छातीकडे कान लावून असतो. थोडी धाप लागली तरी वाटतं, आलं. तू सगळं बंद केलंस, तेव्हा मला वाटलं, चला, आता काही होणार नाही. तू काय खातेस, तेही मी बघायला हवं होतं. मला माझंच पडलं होतं.”

कॅप्टनच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

दुकानातून कोणीतरी हाक मारत होतं, काकू, काकू, उद्या शाळा आहे हो. एरवी काकू ताट वाढून कधीच खाली पळाल्या असत्या. लग्न झाल्यापासून त्या या टेबलाशी बसून दुपारचं जेवल्याच नव्हत्या, चहा आणि बिस्किटं मशीनवरच उरकायच्या. त्या खाली गेल्या, शटर ओढलं, गिऱ्हाइकाला तासाभराने या म्हणून सांगितलं आणि वर येऊन तिसरं ताट वाढून घेतलं. माशाचा मोठा तुकडा स्वतःच्या ताटात घेतला.

“मला दोघांच्या मागे घास घेऊन धावता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “मी जेवतेय. तुम्ही बघत बसा नाहीतर जेवा.”

त्या खरोखरच जेवू लागल्या. बाबांनी शेंगदाणा उचलला, बराच वेळ चावला. मग दुसरा. कॅप्टनने भाजीचा घास घेतला आणि तो गिळताना डोळे मिटले. ते जेवण संपायला इतका वेळ लागला की भाजी गार झाली, माशाचा शेवटचा तुकडा तसाच राहिला, आणि कॅप्टनने उठताना वाटीतले निम्मे शेंगदाणे ठेवले. पण निम्मे खाल्ले होते.

पुढचे महिने असेच गेले, थोडं पुढे, थोडं मागे. एकदा आरशासमोर रडून तिने दिवसभर काही खाल्लं नाही आणि काकूंना दुकान टाकून समुपदेशकाकडे न्यावं लागलं. एकदा बाबा गोळी घ्यायला विसरले आणि तिने घर डोक्यावर घेतलं. पण तो राग जिवंत माणसाचा होता, आधीसारखा दार लावून घेतलेला नव्हता. वजन सावकाश वाढलं. हात उबदार झाले. पाळी सुरू झाली तेव्हा तिने ते आईला स्वतःहून सांगितलं, आणि काकू मशीनवर बसून काहीच न शिवता नुसता पाय मारत राहिल्या.

मग पुन्हा रक्त तपासायचा दिवस आला. तिघंही गेले. बाकावर बसून बाबा बोटं कडकड मोडत होते, कॅप्टन गुडघा हलवत होती, काकूंनी दोघांच्या मध्ये बसून पर्सच्या चेनची उघडझाप चालवली होती. नाव पुकारल्यावर तिघं एकदम उठले. डॉक्टरबाईंनी चष्मा खाली ओढून कागद वाचला, परत एकदा वाचला. पहिल्या आकड्यातलं बरंचसं उपासमारीचंच होतं, त्या म्हणाल्या. ते गेलं. जे उरलंय ते सीमारेषेवर आहे, जरासं वरच्या बाजूला. तेवढं आजोबांकडून आलेलं असू शकतं. औषधाची गरज आज नाही. खाणं आता आहे तसं, खेळ हळूहळू सुरू, सिगारेटला जन्मात हात लावायचा नाही आणि दर वर्षी तपासायचं.

“म्हणजे मला होणार की नाही?” कॅप्टनने विचारलं.

“ते मला सांगता येणार नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण तुझ्या आजोबांना त्यांचा आकडा कधी कळलाच नाही. तुला सोळाव्या वर्षीच कळलाय.”

तिला पूर्ण उत्तर हवं होतं, ते मिळालं नाही. परत येताना ती रस्ताभर रिपोर्टची घडी उघडत-मिटत होती आणि काकूंना जुनी धास्ती वाटू लागली. दुकानाशी पोहोचले तर समोरच्या कठड्यावर टीमच्या मुली बसल्या होत्या, सराव संपवून. मध्ये कागदाच्या पुड्यात तळलेले बटाट्याचे काप होते. कॅप्टनला बघून त्या ओरडल्या, सरकल्या, जागा केली. ती बसली. कोणीतरी पुडा तिच्यापुढे धरला.

काकूंचा हात कुलुपावर थांबला. बाबा उगाचच रस्त्यापलीकडच्या इमारतीची उंची न्याहाळू लागले.

कॅप्टनने पुड्यात पाहिलं. मग तीन-चार काप उचलले, एकेक करून खाल्ले, बोटांचं मीठ चाटलं आणि शेजारणीला विचारलं, मी नसताना सर्व्हिसला कोणाला उभं करता गं तुम्ही, गेल्या मॅचला काय वाट लावलीत. सगळ्या एकदम बोलू लागल्या. काकूंनी कुलूप काढलं, शटर वर ढकललं आणि दिवा लावला. टेबलावर कापून ठेवलेल्या बाह्या तशाच पडल्या होत्या, उद्यापर्यंत द्यायच्या होत्या.